ताईचं टार्गेट

मला एक सांगा, किती मेहनत केली की माणूस गरीब राहत नाही? काहीतरी माप असेल ना... तुम्हाला सांगतो, मी सगळ्यांना विचारून बघितलं, मामाला, डॉक्टरला, एकानंही सांगितलं नाही. माझं सोडा. मी सहावीत शाळा सोडली, प्रत्येक नोकरीवर भांडून घरी आलो, मी गरीब, ते बरोबरच आहे. पण माझी बहीण क्रांती? तिची मेहनत कुठं कमी पडली?

बंदराजवळ, द्रोणागिरीच्या एका गोडाऊनमध्ये होती, कॉन्ट्रॅक्टवर. हातात स्कॅनर, रॅकवरून माल काढायचा आणि पळायचं, किती काढला ते मशीनच सांगणार. सुपरवायझर नंदकुमार म्हणाले, पहिली ये, पर्मनंट करतो. ताईच ती, आली पहिली. पण तिथली पद्धत काय, तर या महिन्यात पहिल्या नंबरानं जेवढा माल काढला, तेवढं पुढच्या महिन्यात सगळ्यांचं टार्गेट. म्हणजे ताई पळणार कुणाच्या मागं? स्वतःच्याच. पुन्हा पहिली, पुन्हा टार्गेट वर, आणि पर्मनंटचं पुढच्या महिन्यात बघू... शेजारच्या लायनीतली बयाबाई हात जोडायची, "क्रांते, जरा कमी पळ गं माझे आई, तुझ्यापायी आमच्या कंबरा मोडल्या." ताई हसायची. एवढाच महिना, मावशी, म्हणायची. असे अकरा महिने. घरीसुद्धा उभ्यानं जेवायची हो, बसली की पाय दुखतात म्हणे... आता सांगा, मेहनत कुठं कमी पडली?

मे महिन्यात तिथंच, रॅकपाशी पडली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. अठ्ठावीस वर्षांची पोरगी. नंदकुमार आमच्या करंजाड्याच्या खोलीवर आले, आईसमोर मांडी घालून बसले, म्हणाले, "फार मेहनती होती. अजून थोडं केलं असतं, तर झालंच होतं काम." अजून थोडं... मी कॉलरच धरली. किती थोडं ते सांगा, म्हटलं. मामानं मला ओढून बाजूला केलं.

मग तिला घेऊन निघालो, तर खांदेकरी हे झपाझप. मी म्हटलं, हळू चला रे, हिला आज कुठं कामावर जाऊन पंच करायचाय? तेवढ्यात मागून दुसरी तिरडी आली, त्यातला एक जण म्हणतो, "भाऊ, जरा पाय उचला की, आमचापण नंबर आहे."

मामा म्हणाला, चल पटकन. मी नाही चाललो. ताईला रस्त्याच्या कडेला घेतलं, झाडाच्या सावलीत, आणि त्या लोकांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, आम्हाला दुसरा नंबर चालेल.