कपाटातला माणूस

भुताच्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग आला होता आणि दुकानाबाहेर रांग लागली होती. रांगेतल्या एका ग्रंथपालांच्या पुढे एक जोडपं उभं होतं. वर्षानुवर्षं शांतता राखून उपाशी राहिलेले ग्रंथपालांचे कान आपसूक तिकडे वळले.

“अहो, पण पहिला भाग तुम्ही संपवलात कुठे?”

“संपत आलाय गं.”

“तीन वर्षं तुमचा माणूस त्या कपाटात लपून बसलाय! ती कोयतेवाली हडळ कंटाळून कधीच निघून गेली असेल.”

“नाही गेली. मी फटीतून बघतो ना रोज.”

“बघता म्हणे! भर दुपारी, पडदे सताड उघडे टाकून, आवाज बंद करून. वर माझं मनगट मुठीत.”

“अगं, भीती वाटते म्हणून तर मजा आहे.”

“मजा तुमची, मनगट माझं. या खेपेला मी आठवडाभर ताईकडे चाललेय. खेळा एकटे.”

“एकटा? मग घेऊन काय करू? चल, घरी जाऊ.”

ग्रंथपालांना राहवेना.

“माफ करा, मीही हाच खेळ घेतोय. सोबतीला येऊ का?”

“देवासारखे भेटलात! यांना सांभाळा, मी सुटले.”

नवऱ्याचा चेहरा खुलला.

“वा! पहिल्या भागात तुम्ही कुठवर पोचलात?”

“कपाटापर्यंत.”

“बाहेर की आत?”

“आत.”

बायकोने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि फोन कानाला लावला.

“ताई, माझं येणं रद्द. अगं, आता माझी दोन्ही मनगटं अडकली.”