किल्ली माझ्या खिशात आहे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भटूआबा, आपल्या हवाई मंडळाचे संस्थापक योगराजभाऊ, त्यांच्या मातोश्री बेबाअक्का, उद्यापासून माझ्या जागी काम पाहणाऱ्या अभियंता सारिकाताई, जळगाव, धुळे, भुसावळहून वेळात वेळ काढून आलेले सर्व विमानमालक, हँगरमधले माझे सहकारी, आणि मागे पत्र्याच्या सावलीत बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, या हिलाल पुना बोरसेचा तुम्हा सगळ्यांना मनापासून नमस्कार.

तुम्ही शाल दिलीत, श्रीफळ दिलंत. श्रीफळ हातात आल्याबरोबर मी ते कानाशी नेऊन हलवून पाहिलं, हे पहिल्या रांगेतल्या काहींनी पाहिलं आणि हसलेही. हसा. पाणी आहे आत. पण पाहिल्याशिवाय मला कसं कळणार? एकोणीस वर्षं या धावपट्टीवर मी हेच केलं. त्याआधी हवाई दलात बावीस वर्षं हेच केलं. चहा दिला तरी मी आधी कपाच्या तळाशी बघतो, अशी माझ्या मंडळींची तक्रार आहे. तक्रार खरी आहे.

आबांनी माझी ओळख करून देताना फार मोठं मन दाखवलं. पण त्यातलं एक वाक्य मला टोचलं. आबा म्हणाले, "हिलालनानांनी एकदा हात फिरवला, की डोळे झाकून विमानात बसावं." टाळ्याही पडल्या. आबा, वयाचा मान राखून सांगतो, इतकं धोक्याचं वाक्य या धावपट्टीवर आजवर कोणी बोललं नसेल. ते का, हे सांगण्यासाठीच मी आज उभा आहे. निरोपाचं काय, तो घेऊच.

कार्यक्रमपत्रिकेत शेवटी छापलंय, 'दुपारी चार वाजता मातोश्री बेबाअक्का यांचे प्रथम विमानोड्डाण.' आता सव्वातीन झालेत. अक्कांनी नवं लुगडं नेसलंय. तापीकाठची आपली केळीची बाग वरून बघायची, ही त्यांची किती दिवसांची इच्छा. तर मंडळी, चार वाजता ते विमान उडणार नाही. योगराजभाऊ, खिसे चाचपू नका. किल्ली माझ्या खिशात आहे.

कुजबुज कळतेय मला. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असंही कोणी म्हणालं असेल. या विमानाच्या बाबतीत मला एका माणसाचा संशय आहे. तो माणूस इथेच, या मांडवात आहे. नाव सांगणार आहे. पण क्रमाने सांगू द्या, मधूनच सांगितलं तर तुम्ही पुढचं ऐकणार नाही.

तुमच्यापैकी बहुतेक जण शेतीतून, कापसाच्या जिनिंगमधून, केळीच्या व्यापारातून वर आलात. ट्रॅक्टर पाळलेत, पाणबुडी मोटारी पाळल्यात, आणि मग एक दिवस विमान घेतलंत. चांगली गोष्ट आहे. पण ट्रॅक्टर पाळायची सवय विमानाला लावू नका. ट्रॅक्टर बंद पडला तर बांधावर उभा राहतो. तुम्ही खाली उतरून बिडी पेटवता, मिस्त्रीला फोन लावता. वर बांध नाही. "चालतंय ना, मग चालू द्या," हे दोन शब्द कमी-जास्त करून मी प्रत्येक मालकाच्या तोंडून ऐकलेत. नावं घेत नाही, सत्काराचा दिवस आहे.

टाकीत किती इंधन आहे, हे काट्याला विचारू नका. काटा खोटं बोलतो. झाकण उघडा, पट्टी बुडवा, डोळ्यांनी बघा. टाकीच्या तळातून थोडं काचेच्या भांड्यात काढा आणि उजेडाकडे धरा. खाली पाण्याचा थेंब दिसला तर पुन्हा काढा, दिसेनासा होईपर्यंत काढा. रात्री पाऊस झाला असेल तर दोनदा. प्रोपेलरला हात लावताना ते आत्ता फिरणार आहे असं धरून चाला, किल्ली काढलेली असली तरी. आणि आपला मे महिना. चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीला माणूस मलूल होतो, इंजिनही होतं. जानेवारीत जितक्या धावपट्टीत विमान उचलता, तितक्यात मे महिन्यात उचलणार नाही. तरी एक साहेब मागच्या सीटवर केळीच्या तीन पेट्या घेऊन निघाले होते, पुण्याच्या व्याह्यांना द्यायला. मी पेट्या उतरवल्या. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. आज आलेत मात्र, आभारी आहे.

जुनं विमान घेताना रंग बघू नका. रंग दोन दिवसांत होतो. त्याच्या नोंदवहीची पानं बघा, मधलं एखादं पान गायब असेल तर विकणाऱ्याचा चहासुद्धा पिऊ नका.

असो. मुद्द्यावर येतो.

डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते, पुढे तोंड असलेली. समोरून येणारा वारा तिच्यात शिरतो आणि त्यावरून आतला वेगाचा काटा हलतो. नळी बंद, तर काटा आंधळा. आपल्याकडे कुंभारमाशी त्या भोकात मातीचं घर करते. दोन दिवस विमान उभं राहिलं की पुरे. म्हणून नळीवर टोपी घालायची, टोपीला लांब लाल फीत लावायची, आणि उडण्याआधी ती काढायची. हे मी इतक्यांदा, इतक्या मोठ्याने सांगितलंय की हँगरमधल्या चिमण्यांनाही पाठ झालं असेल.

तीन वर्षांपूर्वीचा दसरा आठवा. आपल्याकडे दसऱ्याला ट्रॅक्टर पुजतात, तराजू पुजतात, आपण विमान पुजलं. झेंडूचा हार, हळदकुंकू, कापसाची वस्त्रमाळ. फोटो काढायचे म्हणून नळीवरची टोपी मीच काढून ठेवली होती. पूजा झाली, पेढे वाटले. योगराजभाऊ मुलीला, मोनालीला घेऊन निघाले. तपासणीच्या वहीत मी आधीच सही केली होती, सकाळी, पूजेच्या आधी. भाऊंनी हार काढला आणि बसले. विमानाला फेरी मारून बघितलं नाही. का? तर नानांची सही होती.

विमान पट्टीवर धावलं. अर्धी पट्टी संपली तरी काटा शून्यावर. भाऊंनी नंतर सांगितलं, क्षणभर वाटलं, काटा बिघडला असेल, उचलून टाकू. मग माझं एक वाक्य आठवलं, 'काटा उठला नाही तर आपणही उठायचं नाही.' ब्रेक दाबले. टायर फुटला, विमान पट्टी सोडून गवतात गेलं आणि कुंपणाच्या हातभर अलीकडे थांबलं. मोनालीच्या कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. मी पळत गेलो. नळीत पाहिलं तर कापूस. घट्ट कोंबलेला.

आता सांगा, तुम्ही माझ्या जागी कोणाचा संशय घेतला असता?

आपल्या पट्टीवर तेव्हा एक पहारेकरी होते, झिपरू. धुळ्याकडचे. इंजिनचा आवाज सोसत नाही म्हणून ते दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालत. आणि दसऱ्याच्या दोनच दिवस आधी लेकीच्या सोयरिकीसाठी रजा मागितली, ती मिळाली नाही, म्हणून भाऊंशी त्यांची बोलाचाली झालेली. कापूस आणि राग, दोन्ही एकाच माणसाकडे. माझ्या डोक्यात गणित सुटलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांच्या कानातला बोळा काढून नळीतल्या कापसाशेजारी धरला आणि म्हणालो, "बघा, एकच आहे." मंडळी, कापूस कापसासारखाच दिसणार! खानदेशातल्या माणसाने हे बोलावं? पण कोणी हटकलं नाही. झिपरू एवढंच म्हणाले, "मी नै करं, नाना." दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं.

संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला भाऊंच्या घरी गेलो. अक्कांशी बोलता बोलता तो विषय निघाला. अक्का, तुम्ही काय म्हणालात, ते मी सांगू का? सांगतो. तुम्ही म्हणालात, "अरे हिलाल, तो कापूस मीनं घातला व्हता. तूच नही का सांगे, त्या भोकात माशी घर करते? मले वाटलं, सनासुदीचं ते उघडं कसाले ठेवा." वस्त्रमाळ करून उरलेला घरच्या शेतातला कापूस. कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. मी साऱ्या हँगरची झाडाझडती घेतली, पण पूजेचं ताट घेऊन आलेल्या माउलीला विचारायचं माझ्या संशयी डोक्यात आलं नाही.

अक्का, मान खाली घालू नका. तुम्ही माझंच ऐकलंत. चूक माझी, की पूजेनंतर मी विमान पुन्हा तपासलं नाही. मालकांनो, पूजा जरूर करा. कुंकू दारावर लावा, हार नाकावर घाला, आणि सगळे पेढे खायला गेले की विमान पहिल्यापासून तपासा. श्रद्धेचे हात कुठे कुठे पोचतात, हे आपल्याला कळत नाही.

भाऊंनी झिपरूंना परत बोलावलं, ते आले नाहीत. मी फोन केला. म्हटलं, माफ करा. झिपरू म्हणाले, "आळ बठ्ठासमोर लिधा व्हता नाना, आते माफी कानमां कसाले सांगतस?" आळ सगळ्यांसमोर, मग माफी कानात कशाला, एवढं विचारून फोन ठेवला. मी तेव्हापासून त्या वाक्यासकट झोपतोय. लाज वाटते मला, मंडळी. आजही वाटते.

म्हणून या समारंभाचं पहिलं निमंत्रण मी त्यांना दिलं. येतील असं वाटलं नव्हतं. पण सकाळच्या एसटीने आले. मांडव लागायचा होता, म्हणून ते हँगरमध्ये, विमानासमोर खुर्ची टाकून बसले. जुनी सवय. थोड्या वेळाने मला हाक आली, "नाना, इंजिनमां उजेड शे."

मी म्हटलं, काय?

"उजेड शे. दखा ना."

वाकून पाहिलं. पुढच्या बाजूला हवा आत जायच्या दोन खिडक्या असतात. हँगरमध्ये अजून अंधारलेलं होतं, आणि एका खिडकीतून, आत खोल, मिणमिणता उजेड दिसत होता. मी कव्हर उघडलं. इंजिनची गती कमी-जास्त करणारा जो दांडा असतो, त्याच्या शेजारी एक छोटी बॅटरी पडली होती, रात्रभर चालू राहिलेली. विमान हललं असतं की ती घसरून दांड्यात अडकली असती. मग वर गेल्यावर इंजिन ना वाढलं असतं, ना कमी झालं असतं. झिपरूंनी ती हातात घेतली नाही. बोटाने दाखवली आणि विचारलं, "हाई तुमनी शे ना, नाना?"

माझीच होती. काल संध्याकाळी माझ्या नोकरीतली शेवटची तपासणी मी केली. माझ्या पेटीत प्रत्येक पान्याला त्याच्या आकाराची खाच आहे, एक जरी खाच रिकामी राहिली तर मी विमान सोडत नाही. काल सगळ्या खाचा भरलेल्या होत्या. पण ही बॅटरी मी गेल्या महिन्यात भुसावळच्या बाजारातून घेतली. चष्म्याचा नंबर वाढलाय, कोणाला सांगितलं नाही. तिला पेटीत खाचच नाही. पेटी भरलेली दिसली, मी सही केली. 'सर्व ठीक.'

तर ज्याचा मला संशय आहे त्याचं नाव हिलाल पुना बोरसे. एक वस्तू विसरणारा माणूस दुसरीही विसरला असेल. त्याच्या सहीवर मी माझ्या शत्रूलाही विमानात बसवणार नाही, अक्कांना कसा बसवू? तेव्हाच मी खिळ्यावरची किल्ली काढून खिशात घातली.

सारिकाताई, उद्या सकाळी हे विमान नव्याने तपासा. मी काय केलं ते वाचू नका, मी काहीच केलं नाही असं समजा. तुमचं समाधान झालं तर अक्का उद्या उडतील. केळी कुठे जात नाहीत. अक्का, लुगडं घडी घालून ठेवा, उद्या पुन्हा नेसा.

आणि तोवर ही किल्ली माझ्याकडे नको. भाऊंकडेही नको, ते मुलगा आहेत, आईने हट्ट केला तर विरघळतील.

अध्यक्ष महाराज, वेळेचं भान सुटलं. मंडळाने एकोणीस वर्षं मला आणि माझ्या स्वभावाला सांभाळलं, सहकाऱ्यांनी माझी बोलणी खाल्ली, मालकांनी माझ्यासाठी उड्डाणं रद्द केली, सगळ्यांचे आभार. आज माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. माझ्या कामात काही कमी राहिलं असेल तर ते मात्र पोटात घालू नका, शोधून काढा.

झिपरूभाऊ, आळ मी सगळ्यांसमोर घेतला होता. आज सगळ्यांसमोर, माइकवरून सांगतो, तुम्ही काही केलं नव्हतं. मी चुकलो. मला माफ करा. जमेल तेव्हा करा, आजच केलं पाहिजे असं नाही. पण आत्ता जरा पुढे या, आणि ही किल्ली तुमच्या खिशात ठेवा. उद्या सारिकाताईंनी मागितली तर द्या. मी मागितली तर देऊ नका.