बंद घराचं कार्ड

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आजपासून चौकीचा कारभार हाती घेणारे नवे साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले मोठे साहेब, नागरिक सहकार्य समितीचे सगळे सभासद, पहिल्या रांगेत मुलांना घेऊन बसलेल्या वहिनी, आणि मागे दाराशी ताटकळत उभ्या असलेल्या मंडळींनो, सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार. मागच्यांनो, पंख्याखाली चार खुर्च्या रिकाम्या आहेत, बसून घ्या. मला थोडा वेळ लागणार आहे.

अध्यक्षांनी मला सांगितलंय, "ताई, पाच मिनिटं, दोन गोड शब्द." मी शिवणकाम करणारी बाई, मापाबाहेर जायची मला सवय नाही. पण गोड शब्द आधीच्या चार वक्त्यांनी संपवून टाकले, त्याला मी काय करू?

मोठ्या साहेबांनी पोलीस आणि लोक यांच्यातली भिंत पाडली, असं आत्ता कुणीतरी म्हणालं. खोटं कशाला बोलू, पाडली. त्याआधी चौकीची पायरी चढायची म्हटलं तर आम्ही दारावरूनच परत फिरायचो. साहेबांनी समिती काढली, दर महिन्याला बैठक ठेवली, आम्हाला चहा पाजला आणि छातीवर लावायला बिल्ले दिले. मी तर बिल्ला लावून भाजी आणायला जायचे. हसता काय, तुम्हीही जात होतात!

आणि साहेबांची सगळ्यात गाजलेली योजना म्हणजे बंद घराचं कार्ड. नव्या साहेबांना माहीत नसेल, म्हणून सांगते. कुणी चार दिवस बाहेर निघालं की चौकीत कळवायचं. मग गस्तीचा हवालदार रोज त्या घरी जायचा आणि कडीला अडकवलेल्या पिवळ्या कार्डावर तारीख घालून सही करायचा. 'पोलिसांनी भेट दिली. सर्व ठीक.' घरच्यांना समाधान, आणि हवालदार खरंच फिरतोय याचा साहेबांना पुरावा. ती कार्डं मी कापली हो! भोकं पाडून त्यांत दोरेसुद्धा मीच ओवले, मोठ्या हौसेनं.

दोरे ओवता ओवताच माझ्या डोक्यात चमकलं. पुढच्या बैठकीत उठून विचारलं, "साहेब, कार्ड दिसलं की घर रिकामं आहे हे चोरालाही कळणार नाही का?" साहेब, आठवतंय काय म्हणालात? "ताई, तुम्ही काजंबटणं बघा, चोर आम्ही बघतो." सगळी समिती खो खो हसली. अध्यक्ष महोदय, तुम्हाला तर हसता हसता ठसका लागला होता. पाणी मीच दिलं.

पुढच्या दोन महिन्यांत सहा घरांत चोरी झाली. सहाही कार्डवाली. कुलूप मात्र एकही तुटलं नव्हतं, सगळी चावीनं उघडलेली. मग समितीची एक बैठक झाली, मला न कळवता. आणि तिथे आमच्या हुशार मंडळींना एकच नाव सुचलं. माझ्या नवऱ्याचं.

माझा नवरा चावीवाला. तीस वर्षं त्यानं कानस घासली. तुमची चावी हरवली म्हणून तो किती जणांकडे भरल्या ताटावरून उठून आलाय, जरा हात वर करा. राहू द्या, नका करू. त्याला भर दुकानातून, गिऱ्हाइकांसमोर नेलं. चार दिवस चौकीत बसवून ठेवलं. मी विचारायला गेले तर साहेब म्हणाले, "नाव तुमच्याच समितीनं दिलंय." आणि या सभागृहाच्या दारात जो समितीचा फलक आहे ना, त्यावर त्याचा फोटो लागला. 'यांच्यापासून सावध राहा.' त्यानंतर दुकानात कुत्रंही फिरकेना. शेवटी त्यानं शटर ओढलं. आता घरी बसून माझ्या कात्र्यांना धार लावतो. धार असली तरी लावतो.

चोर सापडला. वर्ष होऊन गेलं, दुसऱ्या चौकीच्या हद्दीत. त्याच्याकडे चाव्यांचा हा एवढा जुडगा मिळाला. त्यानं जबाबात काय सांगितलं? "पिवळं कार्ड बघायचो आणि शिरायचो." मोठ्या साहेबांनी काय केलं? कार्डं गुपचूप बंद केली. फोटो तसाच ठेवला. मी अकरा वेळा अर्ज घेऊन गेले, अकरा वेळा ऐकलं, "बघतो, ताई." आज त्याच फलकावर साहेबांच्या निरोपाचा बॅनर ताणलाय. जाताना कोपरा उचलून बघा, खाली माझा नवरा आहे.

साहेब, मी काही मोठ्या मनाची बाई नाही. दोन वर्षं मी तुमच्यावर डूख धरून आहे. मशीन चालवताना मनात एकच यायचं, या माणसाला एकदा, फक्त एकदा, जिवाची घालमेल म्हणजे काय ते कळू दे.

माझ्याकडे एक कार्ड उरलं होतं. आज तुमचं अख्खं घर इथे आहे, म्हणून येताना वाट वाकडी केली आणि ते तुमच्या दाराला अडकवून आले. आजची तारीख घातली. 'सर्व ठीक' असंही लिहिलंय.

वहिनी, बसा. बसा हो. साहेब, तो फोन खाली ठेवा. तुमचा चेहरा कसा झालाय तो सगळ्यांना बघू दे. माझं म्हणणं त्या दिवशी तुम्हाला कळलं नाही, आज बघा, एका मिनिटात कळलं!

घाबरू नका. तुमच्या पायरीवर माझा नवरा बसलाय. कार्ड लावताना तो सोबत होता. मी म्हटलं, चला आता कार्यक्रमाला. तर म्हणतो, "तू जा. घर रिकामं आहे, कार्ड बघून कुणी शिरलं तर? ते कुलूप मी बसवलंय." मी इतकी चिडले त्याच्यावर, काय सांगू! पण तो हलला नाही.

तेव्हा आज त्याला ओलांडल्याशिवाय तुम्हाला घरात जाता येणार नाही. जाताना फलकावरचा तो फोटो स्वतःच्या हातानं काढून न्या. नवे साहेब, तुम्ही साक्षीला सोबत चला. अध्यक्ष महोदय, तुम्हीही चला, आज पाण्याची बाटली मी घेतलीये.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल आभार. मध्येच माईक बंद केला नाहीत, त्याबद्दल जास्त आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मला माफ करा. तुम्हाला कुणाची माफी मागायची असेल, तर साहेब, लांब जावं लागणार नाही. तो तुमच्याच दारात बसलाय.