सुपारीतला शब्द

न्हाय न्हाय, विजयसिंहराव, तुमी आधी बसा — उभ्या उभ्या भांडायला आपण काय कारखान्याच्या सभेत हाय व्हय? ती पिशवी ठिवा खाली. चहा टाकलाय आत. जळोचीवरनं अंथुर्ण्याला आलात ते इंग्लंडच्या निवडणुकीपायी? मोबाईलवर बघितलंत म्हणं — विरोधातला पक्ष जिंकला, बाहेरची माणसं कमी करणार म्हणतोय, आन् तिथली लोकं टाळ्या वाजवत्यात. म्या बी बघितलं की! आमच्या पोरानं, यशराजनंच धाडलं तिकडनं. पर हारणारा बी तेच म्हणत हुता — मग? ज्याला त्याला मतं पायजेत. प्रचारातलं बोलणं असतंय ते, पाव्हणं, ते काय कुणी खरं करतंय?

मला इचारा की. पंधरा वर्षं सरपंच हुतो. ओढ्यापल्याडच्या वस्तीला दर निवडणुकीत पूल द्यायचो — तीनदा नारळ फोडला, तीनदा! झाला का पूल? न्हाय झाला. लोकांनी काय केलं? पयल्यांदा शिव्या दिल्या, दुसऱ्यांदा हसली, तिसऱ्यांदा पुन्हा मलाच निवडून दिलं. शब्द देताना देणाऱ्याला बी ठावं असतंय, घेणाऱ्याला बी — असं बघू नका माझ्याकडं. मी पुलाचं बोलतोय. आपल्या सुपारीचं न्हाय.

हां, सुपारी फुटली तवा म्या बोललो — लगीन झालं की दोन महिन्यांत तुमची राजलक्ष्मी विमानात बसंल. पन्नास माणसांत बोललो. आन् बसंल बी! पोरीनं बारामतीतली बँकेतली नोकरी सोडली, ठावं हाय मला, माझ्याच सांगण्यावरनं सोडली. पर नवं सरकार काय आल्या आल्या कायदा बदलतंय व्हय? आन् बदलायचं ऱ्हायलंय तरी काय — म्हाताऱ्यांची सेवा करायला जाणाऱ्यांना बायको न्ह्यायची बंदी तर जुन्याच सरकारनं मार्चमधी —

व्हय. म्हाताऱ्यांची सेवा. ऑफिस म्हणून सांगितलं हुतं तुमास्नी, पर ऑफिस न्हाय, वृद्धाश्रम हाय. अंघोळ घालतो, भरवतो, कूस बदलतो — वाईट काम हाय का ते? सांगा ना! ...मार्चमधी, व्हय. पोरगं गेलं एप्रिलात, सुपारी मेमधी. बोटांवर मोजू नका, मला बी येतंय मोजता. ठावं हुतं मला. जाताना रडला यशराज — तात्या, बोलणी चाललीत त्या मुलीला खरं सांगा म्हणला. म्याच न्हाय सांगितलं. वाटलं, निवडणूक होईल, सरकार पडंल, नवं येईल ते बंदी उठवंल — बगा, सोता सरपंच असून म्या त्यांच्यावर इस्वास ठिवला.

भ्या वाटत हुतं, पाव्हणं. पोरगं हितं ऊस बघायचं तवा सात मुलीवाली येऊन गेली. शेती करतो म्हणलं की चहाला न थांबता उठायची. सातच्या सात. त्याची आई कप विसळायची, न प्यालेलं. तुमी पयलं, जे थांबलात. म्हणून बोललो, तोंडात आलं ते बोललो —

पिशवी कशाला उघडताय? ही तर आमी दिलेली सुपारीची साडी. इस्त्री करून धाडलीय पोरीनं... अहो, बसा की. विजयसिंहराव — एक डाव तिच्याशी मला बोलू तर —

यशराजची आई, चहा गाळू नको.