तिसरी फेरी

उन्हाळ्याच्या सुट्टीत, भल्या सकाळी, कुत्र्याला घेऊन एकटीने डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या सड्यावर जायला आईने पहिल्यांदाच परवानगी दिली होती. वाट चुकलीस तर उद्यापासून धाकटा भाऊ सोबत, या अटीवर. नववीतली पक्षीतज्ज्ञ कुंदा वहीत तिसरा बुलबुल नोंदवत असतानाच करवंदीच्या जाळीपलीकडून काजू वेचणाऱ्या दोघींचे आवाज आले.

“चिमा, बघ गो, ती पोर परत आली.”

“तिसरी फेरी. चकवा लागला वाटतं.”

“दिवसाढवळ्या कसला चकवा? दर फेरीला तू कुत्र्याला भाकरी टाकतेस. तो तिला फिरवून इथंच आणतो.”

“आणि वहीत काय लिहिते गो?”

“त्या बुलबुलाची हजेरी घेते. तिन्ही वेळा तोच.”

कुंदाने दोन बुलबुल खोडले आणि ऐटीत बाहेर आली.

“मावशी, मी चुकले नाहीये. फक्त खालची वाडी कुठल्या बाजूला राहिली, तेवढं सांगा.”

“आम्ही तिथंच निघालोय. चल.”

“पण आईने मला तुमच्याबरोबर बघितलं तर?”

“मग तू पुढं चाल,” चिमा म्हणाली. “मी मागनं खोकते. एकदा खोकले की डावीकडं, दोनदा खोकले की उजवीकडं.”

दारात आई उभीच होती.

“अगो बाई! या दोघींना वाट दाखवत आणलीस होय?”

कुंदाने तोंड उघडायच्या आत चिमाला खोकल्याची मोठी उबळ आली.