आत्याचे पक्के मतदार

नाही, पण मी म्हणते, माझी अपेक्षा तरी अशी काय मोठी होती? मला वाटलं होतं, ते विमानातून उतरतील, आत्याचा हात हातात घेतील आणि म्हणतील, "तुमचा लढा तो आमचा लढा!" मी तर विमानतळावर उभ्याउभ्या त्याचं भाषांतरसुद्धा करून ठेवलं होतं, गळा नेमका कुठे दाटून आणायचा इथपर्यंत… आणि उतरलं काय? चार माणसं, सहा बॅगा. बॅगांत काय, तर तक्ते! प्लॅस्टिकमध्ये मढवलेले तक्ते! त्यांचा पुढारी ताडमाड उंच, आमच्या गल्लीनं पुढे त्याचं नाव लांबोडा ठेवलं, तो आत्याकडे बघून पहिलं वाक्य काय बोलला असेल? "वॉर्डात दरवाजे किती?"

आता दरवाजे कोण मोजतं हो? माणसं मोजतात ना? पण मी विचारलं. मी काय, मी नुसती दुभाषी.

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई परदेशी पक्षाची माणसं आपल्या गल्लीत आणतेच कशाला. तर आणली मीच. अकरा वर्षांची असताना वडिलांबरोबर बाहेर गेले, चोविसाव्या वर्षी परत आले, आणि मधल्या काळात तिकडच्या एका पक्षाच्या तरुण आघाडीत होते. थंडीत बोटं बधिर होईपर्यंत पत्रकं वाटलीत मी! जग बदलायचं होतं. परत आले तर इथे आमची आत्या पोटनिवडणुकीला उभी. आत्या म्हणजे एकतीस वर्षं वॉर्डाच्या दवाखान्यात नर्स. अर्ध्या वॉर्डाला तिनं सुया टोचल्यात, उरलेल्या अर्ध्याला जन्माला घातलंय. आणि तो दवाखाना हलवणार होते, हमरस्त्याच्या पलीकडे, ठेकेदाराच्या नव्या इमारतीत. हमरस्ता कसा? तर धडधाकट माणूस तो ओलांडताना देवाचं नाव घेतो. मग नऊ महिन्यांच्या पोटुशीनं काय करायचं? काठी टेकणाऱ्यानं काय करायचं? समोर उभा कोण, तर तोच ठेकेदार. आत्याकडे काय, तर दोन साड्या आणि एक सायकल. म्हणून मी तिकडच्या पक्षाला पत्र लिहिलं, "आम्हाला मदत करा." तुम्हाला सांगते, तिसऱ्या दिवशी उत्तर! "येतो." मी रडले आनंदानं.

इतक्या तातडीनं का आले, ते आठवडाभरानं जेवताना लांबोडाच बोलून गेला. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे मोठी निवडणूक, पद्धत जुनी पण हे तक्ते नवे, म्हणून कुठेतरी छोट्या जागी वापरून बघायचे होते. आत्यानं विचारलं, "काय म्हणतोय गं?" मी म्हटलं, "त्यांना तुझ्याबद्दल फार आदर आहे." हे एक भाषांतर मी चुकीचं केलं, कबूल. बाकी सगळं शब्दाला शब्द!

बरं, आपण एकटेच नाही हं. ठेकेदारानंही परदेशी पाहुणे आणले होते! तिकडचाच दुसरा पक्ष, आमच्या पाहुण्यांचा हाडवैरी. एके दिवशी दोन्ही टोळ्या किराणा दुकानासमोर समोरासमोर आल्या आणि जे जुंपलं… लांबोडा लालबुंद, समोरचा टकल्या जांभळा, मधे बटाट्याचं पोतं. सगळी गल्ली गोळा. किराणावाला मला म्हणतो, "ताई, काय म्हणतायत हो? दवाखान्यावरून पेटलंय का?"

"नाही. त्यांच्या गावी कुठलासा पूल आहे. त्याचं काम रखडलंय."

"कुणाच्या गावी?"

"त्यांच्या."

"मग आमच्या दुकानात का?"

काय सांगणार? मी काय, मी नुसती दुभाषी. तेवढ्यात निवडणूक कचेरीतला कारकून आला, चष्मा कपाळावर. "हे कोण?" आत्या म्हणाली, "पाहुणे." "किती दिवसांचे?" "मतदानापर्यंतचे." कारकुनानं चष्मा खाली घेतला, लांबोड्याकडे खालून वर बघितलं, त्याला वेळच लागला तेवढा, आणि म्हणाला, "चालू द्या. आमच्याकडे पाहुण्यांसाठी वेगळा फॉर्म नाही."

तर तक्ते. पद्धत अशी की दारोदार जायचं, बोलायचं, आणि प्रत्येक घराला आकडा द्यायचा, एक ते पाच. एक म्हणजे पक्का आपला, त्याला हिरवा रंग; पाच म्हणजे पक्का परका. मग मतदानाच्या दिवशी गाड्या फक्त 'एक'च्या दारात. बाकीच्यांकडे ढुंकून बघायचं नाही, उगाच परक्यांना आठवण कशाला करून द्या? माझ्या तर हे ऐकून अंगावर काटा आला. किती स्वच्छ! किती शास्त्रशुद्ध! आपल्याकडे आपलं सगळं अंदाजपंचे.

पहिलं दार एका शिंपीणबाईंचं. मशीन थांबवलं नाही, मान वर केली नाही. आत्याला म्हणाली, "तू कशाला आलीस उन्हातनं? मला काय विचारायचंय? नीघ, पुढची घरं कर." आणि पायानं दार लोटलं. लांबोड्यानं मला विचारलं. मी सांगितलं, "त्या म्हणाल्या, निघा." त्यानं हळहळून लिहिलं: पाच.

दुसरं दार निवृत्त पोस्टमास्तरांचं. अहाहा! "या, या, या! अगं ऐकलंस का, नर्सबाई आल्यात, पाहुणे आलेत!" सतरंजी झटकली, पंखा सुरू केला, चहा आला, चहाबरोबर बिस्किटं आली, सुनेला बोलावून पाया पडायला लावलं. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय, बाई!" चाळीस मिनिटं! निघताना दारापर्यंत पोचवायला आले. लांबोडा विरघळला. "एक! एकाहून कमी आकडा असता तर तो दिला असता!" मी बघितलं, आत्याचा चेहरा पडलेला. वाटलं, थकली असेल.

असे अठरा दिवस. कुणी खिडकीतूनच ओरडायचं, "आत्या, आमचं काय विचारता, जा!" पाच. कुणी तर दारच उघडलं नाही, आतून आवाज, "अंघोळीला बसलेय, मत तुलाच, पळ!" आता हे मी भाषांतर केलं हं, इमानदारीत केलं. पण पाहुण्यांतली तक्ते भरणारी जी बाई होती ती म्हणाली, "समोर येऊन बोलली नाही. चार." आणि जिथे जिथे बसवलं, पाजलं, खाऊ घातलं, ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं, तिथे एक. रात्री तक्ते हिरवेगार. लांबोडा फोटो काढून घरी पाठवायचा.

आठव्या दिवशी आत्यानं मला स्वयंपाकघरात घेतलं. "अगं, एक सांगू का? ज्यांनी चहा पाजला, ती मतं गेली."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! ज्याला मत द्यायचंय तो कशाला बसवून घेईल? तो आपलाच. आपल्या माणसाला काय चहा विचारायचा, त्याची कामं खोळंबतात. ज्याला द्यायचं नाही त्याला लाज वाटते ना गं? तोंडावर नाही कसं म्हणायचं? मग तो बिस्किटं काढतो. पोस्टमास्तरांचा मुलगा ठेकेदाराकडे मुकादम आहे, विसरलीस?"

आता इथे, तुम्हाला सांगते, इथे मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणायला हवं होतं, आत्या, तू एकतीस वर्षं ही घरं ओळखतेस, चल, तक्ते उलटे करू. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "आत्या, हे शास्त्र आहे. तेरा देशांत वापरलंय." आत्यानं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "तू शिकलेली आहेस बाई. मला आपलं एवढंच कळतं." आणि भांडी घासायला बसली. मी हे लांबोड्याला सांगितलं का? नाही सांगितलं. मला तो काय म्हणेल याची लाज वाटली. बोललेलं भाषांतरित करायचं, चहाचं भाषांतर करायला मला कुणी सांगितलं होतं? मी काय, मी नुसती…

जाऊ दे.

मतदानाचा दिवस. केंद्र कुठे? शाळेत. शाळा कुठे? हमरस्त्याच्या पलीकडे! आठ गाड्या भाड्यानं लावलेल्या, प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात 'एक'ची यादी. मी पहिल्या गाडीत. आणि गल्लीत वळलो तर काय… पायऱ्या-पायऱ्यांवर माणसं बसलेली. इस्त्रीचे कपडे, केसांना तेल, काठ्या पुसून घेतलेल्या. शिंपीणबाईंची सासू, ऐंशीच्या पुढची, खुर्चीवर. पलीकडे सातव्या महिन्यातली पोर, हातात पाण्याची बाटली. सगळ्या वॉर्डात बातमी होती ना, आत्याच्या गाड्या येणार! गाडी दिसली तशी सासूबाई उठल्या. खरंच उठल्या, दोघींच्या आधारानं. आणि गाडी त्यांच्यासमोरून पुढे गेली.

ड्रायव्हर म्हणाला, "ताई, त्या म्हाताऱ्या हात करतायत."

मी यादी बघितली. पाच. म्हटलं, "यादीत नाहीत."

गाडी थांबली पोस्टमास्तरांच्या दारात. ते, मंडळी, मुलगा, सून, मुलाचे दोन मित्र. गाडीत बसताना पोस्टमास्तरांनी मला हळूच विचारलं, "नक्की आम्हालाच न्यायचंय ना?" मी म्हटलं, "हो काका, तुम्ही पक्के." बिचारे शाळा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. दिवसभर ने-आण केली हो! ठेकेदाराची माणसं सुरुवातीला घाबरली, मग रस्त्याच्या कडेला उभी राहून आमच्या गाड्यांकडे बघून खुशीत हात हलवायला लागली. टकल्यानं तर एकदा वाहतूक थांबवून आम्हाला वाट करून दिली.

दुपारनंतर शिंपीणबाई स्वतः सासूला घेऊन चालत निघाल्या होत्या म्हणे. हमरस्त्याच्या दुभाजकापर्यंत पोचल्या, तिथून परत फिरल्या.

त्रेसष्ट मतं. त्रेसष्ट मतांनी आत्या पडली.

दुसऱ्या दिवशी मोजणीच्या मांडवात लांबोडा माझे दोन्ही हात धरून हलवत होता. "मतदान अकरा टक्क्यांनी वाढलं! पद्धत सिद्ध झाली!" आत्या बाजूला उभी. "काय म्हणतोय?" मी सांगितलं. शब्दाला शब्द. आत्या म्हणाली, "त्याला म्हणावं, नीट जा, पाण्याची बाटली बरोबर ठेव." ते संध्याकाळच्या विमानानं गेले. जाताना तक्ते घेऊन गेले. मला रडायला यायला हवं होतं ना? नाही आलं. राग? नाही. मी विमानतळावर काचेला कपाळ टेकवून उभी होते आणि मला फक्त काच गार लागत होती.

घरी आले तर आत्या पाय गरम पाण्यात घालून बसली होती. म्हटलं, "आत्या, बोल मला काहीतरी. शिव्या तरी दे."

"शिव्या कशाला? ही जागा आठ महिन्यांचीच. मग पूर्ण निवडणूक. दवाखाना तोवर हलत नाही, इमारतीला अजून जिनाच नाही. मी परत उभी राहणार."

मी टॉवेल पुढे केला. "आणि मी? मी काय करू?"

आत्यानं पाय वर काढले, पुसले, सावकाश. म्हणाली, "तू बाळा, पुढच्या खेपेला ठेकेदाराचं काम कर."

चेष्टेत म्हणाली का खरंच, कोण जाणे. हसली नाही. मीही हसले नाही. पण तुम्हाला सांगते, मी विचार केला. सगळ्या बाजूंनी केला. आणि सकाळी अंघोळ करून, केस विंचरून, सरळ ठेकेदाराच्या कचेरीत गेले. तो चटकन उठून उभा राहिला. "ताई! या! परवा तुमच्या गाड्या बघितल्या तेव्हाच मी म्हटलं, ही पोरगी आतून आपली आहे! तुमचे उपकार…" मी म्हटलं, "माझ्याकडे पद्धत आहे. तेरा देशांत वापरलेली." म्हणाला, "कधीपासून येता?" म्हटलं, "आजपासून."

तर आता आठ महिने मला ठेकेदाराचा प्रचार करायचाय. आणि वरवर, दाखवायला म्हणून करून भागायचं नाही, तो अगदी जीव ओतून करायला हवा… कारण मनापासून केल्याशिवाय माझ्या हातून कुणाचं वाटोळं होत नाही.