भवीची नजर

नाही, तसे काही नाही, जावईबापू, बसा ना — आणि ती कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली असती तर बरे झाले असते. सासऱ्याच्या ओसरीवर ती मांडीवर घेऊन बसणे शोभत नाही. तुमची सासू शिवम्मा चहा ठेवते आहे, ती पाहा चुलीपाशी, इथून दिसते. घाम? भाद्रपदातला उकाडा आहे, दुसरे काय? मी कशाला घाबरेन? निजामाने शस्त्रे खाली ठेवली, रझाकार पळाले, आता भिण्याचे दिवस सरले — हे परवा याच ओसरीवर वर्तमानपत्र वाचून सगळ्या गावाला कोणी सांगितले? मीच सांगितले. शाळेची पायरी न चढता मराठी आणि उर्दू दोन्ही लिप्या शिकलेला माणूस या गावात मी एकटाच आहे.

बाहेर लिंबाखाली चंद्रभान आणि त्याची माणसे उभी आहेत, ती कोणाला शोधतात हेही मला ठाऊक आहे. ती पिंजाऱ्याची बाई, हुरमतबी. गेल्या वर्षी वऱ्हाडातून आली ती माणसे — तिकडे घरे जळाली म्हणून निजामाच्या मुलखात आसऱ्याला आली, सरकारने त्यांना पनाहगीर म्हटले. आणि त्यांना विहिरीवर चढू देऊ नये असे पहिल्यांदा कोण म्हणाले? तेही मीच. मग ती माझ्या घरात असेल असा संशय तुम्हांला यावा, याचे मला नवल वाटते. तिचा नवरा पूर्णेला कामाला गेला तो परतला नाही म्हणे. तीही तिकडेच गेली असेल. पिंगळी स्टेशनाकडे पाहिलेत का? तिकडे पाहा ना आधी.

जेवण? नाही, अजून झाले नाही. पूजेवाचून मी जेवत नाही, तुम्ही आमच्यातलेच आहात, तुम्हांला काय सांगायचे — आणि पूजा व्हायची आहे. दुपार टळली तरी व्हायची आहे, खरे आहे. देवघर बंद आहे ना. कुलूप नाही, घरात कुलूप कशाला लावू? आतून कडी आहे, म्हणून —

असे पाहू नका माझ्याकडे. हो. मी इथे आहे आणि शिवम्मा चुलीपाशी आहे. या घरातले तिसरे माणूस गौरा, ती तुमच्या घरी नांदते.

उठू नका. कल्याणराव, हात जोडतो, हळू बोला — चंद्रभानचे कान तिखट आहेत. ऐकून घ्या, मग तुम्हांला काय करायचे ते करा. सकाळी मी देवघरात पाटावर बसलो होतो, शिवम्माने ताट आणून झाकून ठेवले होते. मागच्या दाराने हुरमतबी आत आली. तिला वाटले कोठीची खोली आहे. मी ओरडणार होतो, खोटे कशाला बोलू, तोंड उघडलेही होते. तुमच्याकडे आता पाळत नाहीत, पण ज्याच्या गळ्यात लिंग नाही अशा भवीची नजर ताटावर पडली तर मी ते अन्न शिवत नाही. हिवाळ्यात तिला गाद्या पिंजायला बोलावले होते, तेव्हा ती ताटाकडे पाहते म्हणून मी तिला चार बायकांत नाही नाही ते बोललो होतो. आणि आज, बापू, पाठीशी माणसे लागलेली, पायाला काच लागून रक्त वाहते आहे, आणि ती बाई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. पदर डोळ्यांवर ओढून म्हणाली, “आप्पा, मी पायत नाही जी तुमच्या ताटाकडे.”

मरणाच्या भयात माणसाला काय काय सुचेल — आणि तिला माझे ताट सुचले. शिवम्मा दारात येऊन म्हणाली, “आवो, असं बसून काय ऱ्हायलाव? कडी लावायला सांगा की तिला.” मी ताट त्या बाईपुढे सारले आणि बाहेर आलो. इतकेच केले.

तुमची कडब्याची गंज रझाकारांनी जाळली, ते मी विसरलेलो नाही. पण ही काडी घेऊन उभी होती का? नव्हती. मग तिला का? — गौरेला माघारी आणून सोडाल? हे तुम्ही रागाने बोलता आहात. नाही? विचार करून बोलता? बापू, एकुलती लेक आहे. तिला यात आणू नका... बरे. आणून सोडा. तिच्या आईने विचारले तर कशासाठी सोडले ते मात्र तुम्हीच सांगा, माझ्याने ते सांगवणार नाही.

चंद्रभान हाक मारतो आहे. त्याला काय सांगायचे ते सांगा, मी तुमचे तोंड धरू शकत नाही. मी देवघराच्या उंबरठ्यावर बसतो. शिवम्मा, विभूती दे इकडे. इष्टलिंग तळहातावर घेतले की पूजा पुरी होईपर्यंत मी उठणार नाही, आणि तुम्हांला आत जायचे असेल तर मला ओलांडूनच जावे लागेल. डाव्या तळहातावर धरायचे असते ते. पण तुमचा धक्का लागून पडले तर अनर्थ होईल, म्हणून आज दोन्ही हातांनी धरतो. जा आता. यापुढे मला बोलता यायचे नाही.